पाच पानांचं उत्तर

सरांना स्वतःचं नाव आहे, हजेरीपटावर रोज त्याच्यापुढे सहीही होते, पण शाळेत सगळे त्यांना गाईडवाले सर म्हणतात. तोंडावर नुसतं सर, पाठ वळली की गाईडवाले. त्यात टिंगल नाही. दहावीच्या भाषेचं जे पिवळ्या पुठ्ठ्याचं गाईड प्रत्येक पोराच्या दप्तरात असतं, ते सरांनी लिहिलेलं आहे. पोरं पाठ्यपुस्तक घरी विसरतील, गाईड विसरायची नाहीत. दुसऱ्या शाळांतले मास्तरही तेच उघडून शिकवतात आणि वर म्हणतात, आम्ही फक्त संदर्भाला बघतो. संदर्भाला म्हणे.

नोकरीला एकतीस वर्षं झाली, दोन उरली. गुडघे बोलायला लागलेत, मान तर केव्हाची बोलतेय. उठून फळ्यापर्यंत जायचं जिवावर येतं, म्हणून हल्ली सर बसूनच शिकवतात. घरी आले की चप्पल काढून दारातच दोन मिनिटं उभे राहतात, आत कशाला आलो ते विसरल्यासारखे. बायको म्हणते, "अहो, आत या, घर आपलंच आहे." त्यावर ते हसतात, पण हसण्यातही जीव नसतो. तिला वाटतं वय झालं. वय झालंच आहे, पण ते कारण नव्हतं. खरं कारण त्यांनी तिलाही एकोणीस वर्षांत सांगितलेलं नव्हतं.

ते कळायला आधी एक गोष्ट सांगावी लागेल. दहावीच्या पुस्तकात एक कथा आहे, 'धरणावरचे तीन दिवस'. एका धरणावरचा पहारेकरी ती सांगतो. धरणावरचे इंजिनियर साहेब एका पावसाळी दुपारी भिंतीवर फिरायला जातात ते परत येत नाहीत. पहारेकरी म्हणतो, मी त्या वेळी खाली दरवाज्यांपाशी होतो, वर काय झालं मला दिसलं नाही. मग तीन दिवस शोधाशोध. पहारेकरी सगळ्यांच्या पुढे. गळ्याइतक्या पाण्यात उतरतो, हाताची सालपटं निघतात, जेवत नाही, झोपत नाही. तिसऱ्या दिवशी साहेब सापडतात. साहेबांची बायको येते, पहारेकरी तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडतो, आणि ती बाई, जिचं सगळं गेलंय ती, त्याच्या खांद्यावर हात ठेवते. इथे पाचवं पान संपतं.

सहावं पान अर्धंच आहे. पहारेकरी आपल्या चौकीत परत येतो, ओले कपडे वाळत घालतो आणि शेवटी म्हणतो, "पडताना साहेबांनी छत्री सोडली नाही, एवढंच राहून राहून आठवतं." बस. कथा संपली. जो माणूस खाली होता, ज्याला काही दिसलं नाही, त्याला छत्रीचं कसं ठाऊक? ज्याला कळायचं त्याला तिथे काटा येतो. तो बघत होता, कदाचित त्याहूनही जास्त काही करत होता, आणि आपण पाच पानं त्याच्यासाठी हळहळत बसलो.

आता सरांचं काय झालं ते ऐका. एकोणीस वर्षांपूर्वी अभ्यासक्रम बदलला. नवीन पुस्तक छापून यायला उशीर होता आणि गाईडच्या प्रकाशकाला तर शाळा उघडायच्या आत गाईड दुकानात हवं. या धंद्यात हे नेहमीचंच. पुस्तक यायच्या आधी गाईड येतं. प्रकाशकाने कुठूनतरी पानांच्या झेरॉक्स मिळवल्या आणि सरांच्या घरी गठ्ठा पाठवून दिला, आठ दिवसांत उत्तरं द्या म्हणून. झेरॉक्सवाल्याने काय केलं देव जाणे, या कथेची पाचच पानं आली. पाचव्या पानाच्या तळाला पूर्णविराम होता. बाईने खांद्यावर हात ठेवलेला होता. इतका छान शेवट झाल्यावर कोण म्हणेल अजून अर्धं पान आहे? सरांनी बैठक मारली आणि पहारेकऱ्याचं स्वभावचित्र लिहून टाकलं. कर्तव्यदक्ष, प्रामाणिक, हळवा, धन्याशी निष्ठावान. भाषाही झकास जमली होती. 'कर्तव्याच्या करड्या कवचाआड वाहणारा करुणेचा झरा' वगैरे.

महिन्याभराने खरं पुस्तक आलं. सरांनी ते घरी चाळलंही नाही, कारण सगळे धडे त्यांना तोंडपाठ झालेले. थेट वर्गात उघडलं, मोठ्याने वाचत गेले, आणि पान उलटलं तर पुढे अजून मजकूर. छत्रीच्या वाक्यापाशी त्यांचा आवाज थांबला. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. समोर पन्नास पोरं, पन्नास पिवळी गाईडं. सर टेबलावरचं पाणी प्यायले, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "तर असा हा कर्तव्यदक्ष पहारेकरी."

खोटं बोलायला त्यांना तेवढं एकच वाक्य लागलं. मग नुसतं गप्प बसायचं होतं. प्रकाशकाला त्यांनी फोन केला होता, नाही असं नाही. तो म्हणाला, "सर, पुढच्या आवृत्तीत बघू." पुढच्या आवृत्तीच्या आधी परीक्षा आली. प्रश्न काढणाऱ्यांनी नमुना उत्तर सरळ गाईडमधून उचललं आणि ते बोर्डाचं उत्तर होऊन बसलं. आता गाईड दुरुस्त करायचं तर पोरांचे मार्क जाणार. मग काय, भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. कोणी चुणचुणीत पोरगं कधीतरी विचारायचं, "सर, पण ते छत्रीचं?" सर म्हणायचे, "परीक्षेत गाईडमधलं लिही." ते खरंच असायचं. पोराला पाचपैकी पाच मिळायचे.

बाकी सर मास्तर म्हणून लबाड नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. पोरांच्या वह्या स्वल्पविरामासकट तपासायचे. नापास होणाऱ्यांना सुट्टीत बसवून शिकवायचे, त्याचा कधी गवगवा केला नाही. फक्त तो एक धडा आला की आदल्या दिवसापासून त्यांचं डोकं धरायचं.

यंदाही परीक्षा झाल्या आणि पेपर तपासणी सुरू झाली. एका मोठ्या शाळेच्या सभागृहात टेबलं मांडलेली, एकेका टेबलाला सहा परीक्षक, प्रत्येकापुढे गठ्ठा आणि नमुना उत्तरांचं चार पानी पत्रक. परीक्षकाची शाई लाल, नियामकाची हिरवी. नियामक म्हणजे परीक्षकांवरचा परीक्षक. काठावरचे पेपर, दोन-तीन मार्कांनी पास किंवा नापास होणारे, त्याच्याकडे जातात आणि तो हिरव्या शाईने शेवटचा शब्द देतो. डोक्यावरचा पंखा गरगर आवाज करत होता, वारा मात्र कोणाला लागत नव्हता. चौथ्या दिवशी सरांनी त्रेचाळीस पेपर तपासले होते. त्यातल्या एकेचाळीस जणांचा पहारेकरी कर्तव्यदक्ष, प्रामाणिक, हळवा आणि निष्ठावान होता. तिघांनी तर 'करुणेचा झरा'सुद्धा वाहवला होता. सर लाल टिक मारत चालले होते, न वाचता, हाताला सवय झालेली.

चव्वेचाळिसावा पेपर गचाळ होता. अक्षर डावीकडे कललेलं, व्याकरणाच्या प्रश्नात नुसता आनंद, पत्रलेखनात पत्ताच विसरलेला. बेरीज पस्तिशीला पोचायची नाही, हे सरांनी दोन पानांत ओळखलं. मग स्वभावचित्राचा प्रश्न आला. तिथे मुलीने (पत्रात 'मी विनंती करते' असं होतं, त्यावरून मुलगी आहे हे कळत होतं, नाव तर पेपरावर नसतंच) असं लिहिलं होतं:

"पहारेकरी खोटारडा आहे. पण तो वाईट नट नाही कारण तो नाटक करतच नाही. तो खरंच पाण्यात उतरतो आणि खरंच रडतो. म्हणून कोणाला संशय येत नाही. मला पण आला नाही. मी शेवटचं वाक्य वाचून परत पहिल्यापासून वाचलं तेव्हा कळलं की त्याने फक्त एकदाच खोटं सांगितलं, की मी खाली होतो. बाकी सगळं खरं आहे. एक खोटं झाकायला तो तीन दिवस खरं वागला. शेवटी तो छत्रीचं बोलतो ते चुकून नाही असं मला वाटतं. तो दमला आहे. त्याला वाटतं कोणीतरी विचारावं."

सरांनी ते एकदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. शेजारच्या टेबलावर कोणीतरी जेवणाचा डबा उघडत होतं, कोणाची तरी बदली झाल्याची चर्चा चालली होती. सर मात्र परत पहिल्या ओळीवर गेले. एकतीस वर्षांत इतकं चांगलं उत्तर त्यांनी तपासलं नव्हतं, आणि ते कोणाबद्दल आहे असं वाटलं ते वेगळं सांगायला नको. एक पंधरा-सोळा वर्षांची पोर, जिला धड पत्र लिहिता येत नाही, तिने त्यांना बसल्या जागी धरलं होतं.

त्यांनी नमुना पत्रक पाहिलं. कर्तव्यदक्ष, एक गुण. मुलीने लिहिलं नव्हतं. प्रामाणिक, हळवा, निष्ठावान, नाही. भाषाशैली, एक गुण. मुद्दे नसले की तोही नाही. नियमाने शून्य. उरलेल्या पेपराची बेरीज त्यांनी तीनदा केली. तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे अख्ख्या सभागृहात ज्या एका मुलीने ती कथा खरी वाचली होती, ती त्याच कथेपायी नापास होणार होती, आणि तेही सरांच्या उत्तराने.

सर बराच वेळ लाल पेन हातात धरून बसले. दोन वर्षं राहिली होती. दोन वर्षं मूग गिळून काढली असती तर निरोप समारंभात शाल मिळाली असती, चार लोक बरं बोलले असते. एकोणीस वर्षं गिळलेच की. पण आता गिळवेना. फार काही धाडस वगैरे आलं नव्हतं, उगाच त्यांना मोठेपणा द्यायला नको. ते दमले होते, इतकंच. त्यांनी उत्तराशेजारी लाल शाईने पाचपैकी पाच लिहिले, बेरीज अडतीस केली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पेपर घेऊन नियामकांच्या टेबलाकडे गेले.

नियामक त्यांचाच जुना विद्यार्थी. हुशार, आता कानाशी पांढरा होत चाललेला, सर आले की अजूनही उभा राहणारा. त्याने पेपर पाहिला, पत्रक पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सर, बसा ना. हे पाच कसे काय?"

"उत्तर बरोबर आहे म्हणून."

"पण नमुना उत्तरात तर..."

"नमुना उत्तर चूक आहे," सर म्हणाले. "ते माझं आहे. मी पाच पानांवरून लिहिलं. सहावं पान माझ्याकडे आलंच नव्हतं. नंतर मला कळलं, आणि मी बोललो नाही." एवढं बोलायला त्यांना एकोणीस वर्षं लागली, आणि बोलून झालं तर पाच वाक्यंच होती. आता हा काय म्हणेल, म्हणून ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

नियामक काहीच दचकला नाही. त्याने मान खाली घातली. "सर, आम्हाला माहीत आहे."

"कोणाला?"

"सगळ्यांनाच. सहावं पान सगळ्यांच्या पुस्तकात आहे, सर. इथे बसलेल्या प्रत्येकाने वाचलंय. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर हसतोही, खोटं कशाला बोलू. पण शिकवायचं तुमचंच. पोरांचे मार्क कशाला घालवायचे?"

सरांना हे तोंडात मारल्यासारखं लागलं. एकोणीस वर्षं ज्याला ते आपलं गुपित समजत होते, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. कोणालाच काही करायचं नव्हतं, एवढंच.

"मी त्या वर्गात होतो, सर," नियामक म्हणाला. "पहिल्या वर्षीच्या. तुम्ही छत्रीपाशी थांबलात, पाणी प्यायलात. मला तेव्हाच कळलं होतं की पहारेकरी खोटं बोलतोय. मी हात वर करणारच होतो. पण तुम्ही म्हणालात कर्तव्यदक्ष. मला वाटलं, सर कसे चुकतील, मलाच वाचता येत नसेल. घरी जाऊन तुमचं उत्तर पाठ केलं. पाचपैकी पाच पडले." तो थोडा हसला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच सरांना ते जास्त लागलं. "तेव्हापासून सवयच लागली, सर. काहीही वाचलं की आधी उत्तर कुठे छापलंय ते बघतो. भाषेचा मास्तर झालो, तरी अजून बघतो."

सरांना त्याच्यापुढे मान वर करता येईना. प्रकाशक, बोर्ड, झेरॉक्सवाला, सगळ्यांना त्यांनी इतकी वर्षं मनात दोष दिला होता. या मुलाला काय सांगायचं ते मात्र त्यांनी कधीच तयार केलं नव्हतं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

नियामकाने पेपर जवळ ओढला. "हे बघा सर, असं करू. इथे शून्य राहू दे. पत्रलेखनात दोन वाढवतो. पस्तीस होतात. पोरगी पास, तुमचंही झाकलेलं राहतं, मलाही वर उत्तर द्यायला नको. असं आपण नेहमीच करतो की."

सोपं होतं. मुलगी सुटत होती, सर सुटत होते. खुर्चीतून उठून घरी जायचं, चप्पल काढायची. सरांना क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे ती मुलगी आली, चेहरा नसलेली, तपासलेल्या पेपराची प्रत मागवून हातात धरलेली, त्या उत्तरापुढे शून्य. काठावर पास. ती काय समजणार? हेच, की ते उत्तर चुकलं. आपल्यालाच वाचता येत नाही.

"नको," सर म्हणाले. "पत्रात तिने पत्ता लिहिलेला नाही, तिथे दोनच आहेत, दोनच राहू देत. इथे पाच."

"मग सर, बाकीच्यांचं काय? तुमच्या एका गठ्ठ्यात एकेचाळीस जणांना पाच मिळालेत. त्यांचे काढायचे?"

"त्यांचे कशाला काढायचे? त्यांनी आपण सांगितलं ते लिहिलं. मार्क त्यांचे, चूक माझी. मी तसं लेखी देतो, तू वर पाठव. मला काय म्हणायचे ते म्हणू देत."

नियामकाने हिरवं पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. "सर, मला पण सही करावी लागेल. विचारतील, एवढी वर्षं तुम्ही काय करत होता."

"विचारतील," सर म्हणाले.

त्याने पेपर उलटून ते उत्तर वाचलं. सावकाश, ओठ हलवत, वर्गात वाचायचा तसं. नमुना पत्रक त्याच्या कोपराखाली होतं, पण त्याने ते ओढून पाहिलं नाही. मग त्याने पाचाच्या खाली हिरवी सही केली.

पुढचं थोडक्यात. मुलीचे अडतीस राहिले, इतकं नियामकाने नंतर फोनवर सांगितलं. ती कोण, कुठली, हे नियमाने कळायचं नाही आणि कळलंही नाही. सरांना परीक्षकांच्या यादीतून काढलं. नियामकाकडून खुलासा मागितला, तो अजून चालूच आहे. प्रकाशकाने गाईडवर दुसऱ्या कोणाचं तरी नाव घातलं, आत उत्तर तेच. बोर्डाने एक समिती नेमली, ती कधी बसणार ते समितीलाही ठाऊक नाही. सरांनी घरी बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढंच होतं? मी काय काय समजून बसले होते." आणि मग बराच वेळ तिने त्यांची मान चोळून दिली.

नव्या वर्षात तो धडा पुन्हा आला. सरांनी सहाही पानं वाचली, छत्रीच्या वाक्यापाशी आवाज न थांबवता. मग म्हणाले, "गाईडमध्ये याचं उत्तर चूक छापलंय. ती चूक मी केलेली आहे."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अशा वेळी काय करायचं ते पोरांना कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?"

सर उठले, आणि गुडघे कुरकुरत असतानाही फळ्यापर्यंत गेले. "कथा वाचा. तुम्हाला जे दिसेल ते लिहा. मार्क कदाचित जातील."

ते वळले तर पन्नास माना खाली गेल्या होत्या. पन्नास पेनं चालू होती. पहिल्या बाकावरच्या मुलीने सुबक अक्षरात उतरवून घेतलं होतं, 'जे दिसेल ते लिहा. मार्क कदाचित जातील', आणि पट्टी लावून खाली रेघ मारत होती, पाठ करायला.